बंद मशीनचा दर

३ सप्टेंबर

दादा,

पत्रास कारण विचारशील, तर कारण तूच आहेस.

काल आई आली होती. चहाचा कप हातात घेण्याआधीच तिने तुझा निरोप देऊन टाकला, जसा काही तो वाटभर तिला चावत होता. "बारकीला सांग, मुरघासाच्या कापणीला तासाचा दर कुणी ऐकलाय का? सगळे मशीनवाले एकरावर घेतात. लोक हसतायत. बहिणीपायी माझंही हसं होतंय."

फोन केला असता, पण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. कागदाला मध्येच बोलता येत नाही, म्हणून लिहिते.

हसणाऱ्यांना हसू दे. लोकांना वाटतं, हिरवा मका उभाच्या उभा कापायचा, कुट्टी करून ट्रॉलीत ओतायची, गोठेवाले ती खड्ड्यात दाबून मुरवतात आणि वर्षभर गाईंना घालतात, झालं काम. मग एकराला अमुक एक आकडा सांगायला काय जातं? पण एकर एकरासारखा असतो का रे? एकात मका सरळ उभा, खड्डा बांधालाच, ट्रॉल्या भराभर येतात आणि जातात. दुसऱ्यात चिखल, वाट वाकडी, खड्डा पार गोठ्यामागे, आणि मशीन ट्रॉलीची वाट बघत उभी. दोघांना एकच दर लावायचा म्हणजे पहिल्याला लुटायचं आणि दुसऱ्याकडून स्वतःला लुटून घ्यायचं.

माझा हिशोब ऐकायचा असेल तर ऐक. तासाला पाच हजार. त्यातले दीड हजार डिझेल पिऊन टाकतं. मग पाती, पट्टे, पगार. मग मशीनचं म्हातारपण, जे तुम्ही कुणीच धरत नाही. मशीन काय तुमच्या घरी चिरतरुण राहणार आहे? हंगाम जेमतेम दोन महिन्यांचा, बाकीचं वर्ष ती शेडमध्ये झोपते आणि बँकेचा हप्ता जागा असतो. माझ्या मशीनच्या बिघाडाने काम थांबलं तर ती वेळ माझी. तुमची ट्रॉली आली नाही म्हणून थांबलं तर तुमची. आणि मका अडकून मशीन तुंबली, तर ती बंद करून साफ करायची वेळ त्याच दरात धरायची. ही शेवटची गोष्ट गिऱ्हाइकाला सांगितली की तो म्हणतो, "बंद मशीनचे पैसे कसले, ताई?"

कसले ते तुला तरी सांगायला नको.

ह्यांचा हात गेला त्या दिवशी तू फोनवर होतास. "दाजी, बंद करू नका, मागे दोन ट्रॉल्या उभ्या आहेत." मशीन तुझी, काम एकरावरचं. इंजिन बंद करायचं, आतला ड्रम फिरायचा थांबेपर्यंत उभं राहायचं, मग साफ करून पुन्हा चालू करायचं. असं पाच-सहा वेळा झालं की दिवसाची कमाई गेली. म्हणून चालू मशीनमध्ये हात घालायची सवय सगळ्यांनाच होती, तुलाही. आणि दवाखान्याच्या जिन्यात तू सगळ्यांना सांगत होतास, "दाजींनी घाई केली."

घाई त्यांनी केली नव्हती, दादा. घाई तुझ्या दरात होती.

विम्याचे पैसे आले तेव्हा सगळे म्हणाले, ठेव म्हणून ठेवा. आम्ही ही जुनी मशीन घेतली. चालवते मी, शिकवलंस तूच. स्टिअरिंगला एक मूठ बसवून घेतलीय, तिच्या जोरावर हे डाव्या हाताने खड्ड्यावरचा दाबणीचा ट्रॅक्टर चालवतात. माझी काळजी करू नकोस. गिऱ्हाइकं भरपूर आहेत.

तुझी धाकटी बहीण
(दर: तासाला पाच हजार)


१४ सप्टेंबर

दादा,

तुझं उत्तर नाही. आईच्या तोंडून कळलं की पत्र वाचून तू जेवणावरून उठलास. म्हणजे वाचलंस. पुढचं वाच.

आज मोठ्या गोठ्याच्या मॅनेजरने बोलावलं होतं. त्या काचेच्या खोलीत, जिथून खाली गाईंच्या धारा काढायची यंत्रं दिसतात. टेबलावर सगळं चकचकीत, आणि माझ्या बुटांना शेण. मी मुद्दाम पुसले नाहीत.

"ताई, नदीकाठचा सगळा मका यंदा कापायचाय. दीडशे एकर. एकराला साडेतीन हजार देतो."

मी म्हटलं, "मी तासावर घेते."

"तासावर म्हणजे रडतराऊत घोड्यावर! तुम्ही चहा पीत बसाल आणि काटा फिरत राहील."

"काट्याजवळ तुमचा माणूस बसवा. त्याचा चहा माझ्याकडून."

तो हसला. मग म्हणाला, "तुमच्या भावाने चार हजारात हो म्हटलंय."

"मग मला कशाला बोलावलंत?"

यावर तो पेपरवेट फिरवत राहिला. त्यातच कळलं. तुझा आकडा चारवरून साडेतीनवर आणायला त्याला माझं नाव हवं होतं. तुझी बहीण साडेतीनला तयार आहे, एवढं वाक्य त्याला पुरलं असतं. आणि तू माझ्यावर जळून खाक होऊन साडेतीनला सही केली असतीस. मी तुला ओळखते.

म्हणून हे पत्र. मी कुठलाच आकडा दिलेला नाही. माझ्या नावावर कुणी काही सांगितलं तर ते खोटं. आपल्या दोघांचं पटत नाही, ते आपलं आपण बघू. पण आपल्या भांडणावर तिसऱ्याने पोळी भाजून घ्यावी, एवढी मी अजून खुळी नाही.

आता ऐकायचं नसलं तरी ऐक. चारही कमीच आहेत. नदीकाठची जमीन ओली, खड्डा लांब, आणि वारा आला तर तो मका आधी आडवा होतो. सही करायचीच असेल तर एक ओळ घालून घे: पडलेल्या मक्याचा दर वेगळा. एवढी एक ओळ. मॅनेजर नाही म्हणेल. तूही नाही म्हण. 'नाही' म्हणायला पैसे पडत नाहीत.

मागच्या पत्रात गिऱ्हाइकं भरपूर लिहिलं होतं. चार आहेत. तुला दुसरीकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. चारही तासावर आहेत.

बारकी


२६ सप्टेंबर

दादा,

वारा तुमच्याकडेही तसाच आला असणार. आमच्याकडे शेडचे दोन पत्रे उडून विहिरीपाशी पडले होते.

तू ती ओळ घालून घेतली नाहीस. आई म्हणाली. वर तू असंही म्हणालास म्हणे, की बारकीला मोठं काम मिळालं नाही म्हणून पोट दुखतंय. बरं, दुखतंय. पण आडव्या मक्याच्या एकराला तीन तास लागतायत, हे मी माझ्या मशीनवर बघतेय. तीन तासांचं डिझेलच साडेचार हजारांचं. तू चार हजार घेतोस. म्हणजे मॅनेजरचा मका कापायला पदरचे पाचशे देऊन जातोस, पाती आणि माणसं वेगळी. लोक दान करतात, पण निदान पावती तरी घेतात.

माझं सगळं छान चाललंय असं समजू नकोस. चारातल्या एकाने अर्ध्यात मशीन थांबवली. म्हणाला, "बाई, हा तर सोन्याचा मका झाला. एकरावर या, नाहीतर जा." मी म्हटलं, "उरलेला तसाच राहू दे, गाई आत सोडा. पण पदरमोड करून कापणार नाही." मशीन वळवून रस्त्याला लावली. हे ट्रॅक्टरवरून माझ्याकडे बघत होते. मी बघितलं नाही त्यांच्याकडे. घरी हात धुताना म्हणाले, "बरोबर केलंस. पण हप्ता भरायचाय एवढं लक्षात असू दे." ते माझ्या लक्षात असतंच.

दोन दिवसांनी त्या माणसाने परत बोलावलं. मका पिवळा पडायला लागला होता. मी गेले. दर तोच.

तुझा ड्रायव्हर काम सोडून गेला आणि तू स्वतः मशीनवर बसतोस असं ऐकलं. तुंबली की बंद करतोस ना?

उत्तर दे. आईबरोबर नको. मला दे.

बारकी


३० सप्टेंबर

दादा,

तुझ्या मशीनची चावी माझ्याकडे आहे. चोरी म्हणायची असेल तर म्हण. पोलिसात जायचं असेल तर जा, मी घरीच आहे.

तू उत्तर दिलं नाहीस, म्हणून आज दुपारी आम्ही दोघं नदीकाठी आलो. भांडायला आलो नव्हतो. निदान हे तरी नव्हते आले. खालचं सगळं रान नदीकडे झुकून झोपलं होतं, ओल्या केसांतून एकाच बाजूला कंगवा फिरवावा तसं. तुझ्या मशीनने मुळासकट चिखल ओढला होता. तीन ट्रॉल्या ओळीने उभ्या, त्यांचे ड्रायव्हर मोबाइलवर. आणि तू पुढच्या तोंडाशी वाकून, इंजिन चालू ठेवून, आतला मका हाताने उपसत होतास.

हाक मारणार होते, पण मारली नाही. दचकून तुझा हात कुठे गेला असता, कोण जाणे.

हे पळाले. इतक्या वर्षांत मी त्यांना पळताना पाहिलं नव्हतं. एका हाताने कठडा धरून केबिनमध्ये चढले आणि चावी फिरवली. इंजिन थांबलं, पण आतला ड्रम घूं घूं करत फिरतच होता. तू तिथून मान वर न करता ओरडलास, "कोण आहे रे तो? कुणी बंद केली?"

मग तू वर बघितलंस. चावी त्यांच्या डाव्या हातात होती. उजवी बाही रिकामी, वाऱ्यावर हलत होती. तू म्हणालास, "दाजी, चावी द्या. हे एकराचं काम आहे, तासाचं नाही."

हे तू म्हणालास. तुझ्या तोंडाने. तीन ट्रॉल्यांच्या ड्रायव्हरांनी ऐकलं.

हे खाली उतरले, चावी माझ्या हातात ठेवली आणि गाडीत जाऊन बसले. त्यांचे दात वाजत होते. भर दुपारी, उन्हात. घरी आल्यापासून ते अंगणातल्या बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडून आहेत.

तेव्हा चावी मिळणार नाही. दुसरी चावी घरी आहे असं समजून तू वहिनीकडे धावलास हे कळलं. तिचा फोन आला होता. मला वाटलं, आता शिव्या खाव्या लागणार. तर वहिनी म्हणाली, "दुसरी चावी मी कुठे ठेवलीय तेच मला आठवत नाहीये. आणि आठवणारही नाही. तुम्ही तुमची नीट ठेवा."

तुझ्या घरातच दोन मतं माझ्या बाजूने आहेत, आई धरून.

उद्या सकाळी मी मॅनेजरकडे जातेय. यायचं तर ये. नाही आलास तर एकटी जाईन. तुझी परवानगी मागत नाहीये.

बारकी


१ ऑक्टोबर

दादा,

तू आला नाहीस. तेव्हा काय झालं ते कळवते.

मॅनेजर तापलेला होता. मी बसायच्या आधीच सुरू झाला. "चावी तुमच्याकडे आहे म्हणे. हा काय पोरखेळ आहे? करार आहे माझ्याकडे. दंड लावीन भावाला."

"लावा," मी म्हटलं. "दंड खाऊन गाईंचं पोट भरत असेल तर जरूर लावा. मका रोज वाळतोय. वाळलेला मका खड्ड्यात नीट दबत नाही, आत हवा राहते, बुरशी येते. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे."

"बाहेरून मशीन आणीन."

"आणा की. मी थांबते."

आणि मी खरंच थांबले. खुर्ची ओढून बसले. त्याने माझ्यासमोर फोन लावले. एकाला, मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. पलीकडचा आवाज मला ऐकू येत नव्हता, पण प्रश्न कळत होता, कारण प्रत्येक वेळी मॅनेजर थोडा थांबून खालच्या आवाजात म्हणायचा, "पडलेला आहे." मग फोन ठेवायचा. तिसऱ्यानंतर त्याने चहा मागवला. दोन कप.

दादा, ते तिघेही एकरावरच घेणारे आहेत. तुला हसणाऱ्यांतलेच असतील. पण पडलेला मका म्हटल्यावर एकालाही एकराचा दर आठवला नाही.

मग आम्ही बोललो. तो पाच हजारांवर बराच कुरकुरला. मी उतरले नाही. पण तू उभ्या मक्याला चार हजारांचा शब्द दिलायस, तो मी मोडला नाही. शब्द तुझा आहे, चुकीचा असला तरी. उभा मका एकरावर, तुझ्या दराने. पडलेला तासावर, माझ्या दराने. दोन मशीन, तुझी आणि माझी. खड्ड्यापाशी ट्रॉली अडली तर ती वेळ गोठ्याची. मशीन तुंबली तर ती बंद करून साफ करायची वेळ गोठ्याची. मशीन बिघडली तर आपली. त्याने ते टाइप करून दिलं आणि वर म्हणाला, "तुम्ही फार कडक आहात, ताई." मी म्हटलं, "आमच्याकडे एकाने ढिलाई केली, दुसऱ्याने भोगलं."

कोणी भोगलं, ते त्याला कळलं नाही. तुला कळेल.

कागद सोबत आहे. तुझ्या जागी मी सही केलेली नाही. तुझ्या नावाने हो म्हणायचा मला अधिकार नाही. नको असेल तर फाड आणि जा परत चार हजारांत चिखल उपसायला. चावीही सोबत आहे, आईच्या हाती पाठवते. चावी अडकवून तुला सही करायला लावायची नाहीये मला. तू शहाणा होऊन सही करावीस असं वाटतं, आणि ते माझ्या हातात नाही.

काल आम्ही निघताना तू मागून ओरडलास, की मला भावाची दया येत नाही. खरंच, दया आली नाही. मला तुझी भीती वाटली.

बारकी


१५ ऑक्टोबर

दादा,

तू सही केलीस, कापणी संपली. पैसे आले. माझे हप्ते भरले गेले, तुझी डिझेलवाल्याकडची उधारी फिटली. तरी लिहितेय, कारण एवढे दिवस एका रानात दोन मशीन चालवून आपण एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. तू वरच्या टोकाला, मी खालच्या. मधे मका.

पण मी कान देऊन होते. एवढ्या घरघराटात एक आवाज कमी झाला की लगेच कळतो. तुझी मशीन दिवसातून कितीतरी वेळा बंद पडत होती. बंद पडत नव्हती, तू बंद करत होतास. प्रत्येक वेळी मला खालून मान वळवून बघावंसं वाटायचं. एकदा बघितलं. तू केबिनच्या पायरीवर कमरेवर हात ठेवून उभा होतास, बस स्टॉपवर उभं राहावं तसा, ड्रम थांबायची वाट बघत. तुझ्या चेहऱ्यावर एवढा वैताग होता की मला हसू आलं.

परवा बिलाच्या वेळी ऑफिसात तू जे बोललास ते इथे लिहून ठेवते, कारण पुढेमागे तू नाही म्हणशील. मॅनेजरने तासांच्या आकड्यावर पेन्सिल फिरवून म्हटलं, "ही मशीन थांबलेली वेळ मी काढून टाकतोय. बाकीचं मान्य." मी तोंड उघडायच्या आत तू उठलास.

"साहेब, बाकीचं काढा हवं तर. ते ठेवा."

"थांबलेल्या मशीनने काय काम केलं हो?"

"माझा हात जागेवर ठेवला," तू म्हणालास. आणि दोन्ही हात त्याच्या चकचकीत टेबलावर पसरून ठेवलेस. नखांत चिखल होता. त्याने ते हात बघितले, मग दाराशी हे उभे होते, त्यांच्याकडे बघितलं, आणि पेन्सिल खाली ठेवली.

आपल्यात बोलण्याची रीतच राहिली नव्हती. तू आमच्याकडे न बघता निघून गेलास. मला वाटलं, चला, मॅनेजरला सांगितलंस, जिन्यात ऐकलेल्या माणसांना कधी सांगणार? घरी येईपर्यंत मी तुझ्यावर धुसफुसत होते.

आणि आज वेगळंच घडलं. खड्ड्यावर शेवटची दाबणी चालू होती. मी बांधावर मशीनची पाती पुसत बसले होते. बघते तर तू शेताच्या कडेने चालत आलास, सरळ ढिगावर चढलास, आणि चालू ट्रॅक्टरवर ह्यांच्या शेजारी, चाकावरच्या पत्र्यावर जाऊन बसलास. ट्रॅक्टर ढिगावर वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. दोन पाठमोऱ्या माना. आवाजात मला काही ऐकू आलं नाही. एकदा तू डोकं खाली घातलंस आणि बराच वेळ वर केलं नाहीस. ह्यांनी स्टिअरिंगची मूठ सोडून डावा हात तुझ्या पाठीवर ठेवला, तेवढ्यात ट्रॅक्टर वाकडा गेला, आणि दोघांनी घाबरून एकदमच स्टिअरिंग धरलं.

घरी आल्यावर मी विचारलं, "काय बोलला दादा?"

"मुरघासाचं बोललो," म्हणाले. आणि बऱ्याच दिवसांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

तेव्हा काय बोललास ते मला सांगू नकोस. ते तुमच्या दोघांत राहू दे. चालू ट्रॅक्टरवर दुसरं माणूस बसवायचं नाही, हा मात्र माझ्या कामावरचा नियम आहे. तो तू आज मोडलास. यावेळी सोडते, पुढच्या वेळी दोघांनाही उतरवीन.

आता कामाचं. पाच मशीनवाल्यांनी निरोप पाठवलेत, तासाचा हिशोब समजावून सांगा म्हणून. मी सांगणार आहे, फुकट. डिझेल वाढलंय, तेव्हा पुढच्या हंगामाला माझा दर साडेपाच हजार. उभ्या मक्यालाही तासच. तूही तेवढाच लाव. एका घरातल्या दोन मशीन दोन दराने चालल्या तर मॅनेजर पुन्हा पेपरवेट फिरवत बसेल.

साडेपाच तुला जास्त वाटणार, मला माहीत आहे. तू रागावणार, जेवणावरून उठणार. ऊठ. पण आता आईला पाठवू नकोस, तिचे गुडघे दुखतात.

स्वतः येऊन भांड.

बारकी